चिपीच्या सड्यावरील विमान

नकाशा उघडून पाहिला तर सिंधुदुर्ग जिल्हा हा भूमीचाच एक तुकडा आहे, बेट नव्हे, हें शाळेंतलें पोरही सांगेल. परंतु ज्यांचें घर मालवणास, वेंगुर्ल्यास किंवा देवगडास आहे आणि पोट मुंबईस आहे, अशा कुटुंबांना विचाराल तर तीं निराळेंच सांगतील. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस समुद्र, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जावयाचें म्हटलें तर वाटेंत एकामागून एक आडव्या पडलेल्या खाड्या. अशा या चिंचोळ्या पट्टीचें जीवन पिढ्यान् पिढ्या बेटासारखेंच चालत आलें. बेटावरच्या माणसाला जो प्रश्न रोज पडतो तोच येथल्याही माणसाला पडत आला : आज कांहीं येईल का, आणि उद्यां कांहीं जाईल का? या प्रश्नाचें सर्वांत अलीकडचें उत्तर म्हणजे चिपीच्या सड्यावर उतरणारें सत्तर आसनांचें लहान विमान. त्याविषयीं, आणि त्याच्या निमित्तानें दूरच्या कॅरिबियन बेटांवरील त्याच्या भाऊबंदांविषयीं, चार शब्द वाचकांपुढें ठेवावे असें आम्हांस वाटतें.

आमच्या वाचकांपैकीं जे वयोवृद्ध आहेत त्यांना आगबोटीची आठवण असेलच. भाऊच्या धक्क्यावर ट्रंका, वळकट्या आणि पोरांचें लटांबर घेऊन चढावयाचें, डेकवर सतरंजी अंथरून रात्र काढावयाची, आणि विजयदुर्ग, देवगड करीत करीत मालवण आलें कीं भर समुद्रांत उभ्या राहिलेल्या बोटींतून खालीं हेलकावणाऱ्या पडावांत उतरावयाचें. कडेवरचें मूल खलाशाच्या हातीं देतांना आईच्या काळजाचें काय होत असेल तें तिचें तीच जाणे! हा प्रवास स्वस्त होता, मौजेचा होता. पण निर्धोक होता असें म्हणतां येणार नाहीं. १९२७ सालच्या नोव्हेंबरांतील वादळांत 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी बुडाल्या. पुढें १७ जुलै १९४७ रोजीं, स्वातंत्र्याची पहांट महिन्यावर आली असतां, मुंबईहून रेवसास निघालेली 'रामदास' बोट बंदराच्या तोंडाशींच उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. रेवस तर मुंबईच्या समोरचेंच. दक्षिणेकडील लांबची वाट पावसाळ्यांत बंदच असे. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण झाला म्हणजे दर्या खुला झाला, असा त्या काळचा पंचांगाचा आणि बंदराचा एकच हिशेब होता.

आगबोटींतून होणारी ही प्रवासी वाहतूक १९८० नंतरच्या दशकांत संपली. तोंवर एस. टी. गांवोगांवीं पोंचली होती. परंतु घाटांतून आणि वळणांवळणांतून रात्रभर जागत येणारा तो प्रवास किती जणांना सोसत असे! कोंकणांत रेल्वे यावी म्हणून बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनीं वर्षानुवर्षें आवाज उठविला, आणि अखेर २६ जानेवारी १९९८ रोजीं रोह्यापासून कर्नाटकांतील ठोकुरापर्यंतचा ७४१ किलोमीटरांचा मार्ग पूर्ण खुला झाला. कोंकण रेल्वेनें या प्रदेशाचें दैव पालटलें यांत शंका नाहीं. तरीही कुडाळास उतरून मालवण गांठीपर्यंत मुंबईकराचा एक दिवस किंवा एक रात्र खर्ची पडतेच. आणि गणेशचतुर्थीच्या गाड्यांचें आरक्षण तर उघडतां उघडतांच संपून जातें.

विमान म्हणाल तर तें या किनाऱ्यानें फार पूर्वीं पाहिलें आहे. मात्र डोक्यावरून जातांना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईस टपालाचें विमान आणलें, आणि आपल्या देशांतील विमानवाहतुकीचा एक नवा अध्याय सुरू झाला. १९३५ सालीं त्याच टाटांच्या कंपनीनें मुंबईहून गोवा आणि कण्णूर यांवरून त्रिवेंद्रमपर्यंत विमान सुरू केलें. मुंबई आणि गोवा यांच्या मधल्या वाटेवरच मालवण आहे. ती घरघर ऐकून माडांच्या बागांतलीं पोरें अंगणांत धांवलीं असतील, आणि घरांतल्या बायांनीं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलें असेल. परंतु वरून जाणारें विमान या मातीवर नियमानें उतरूं लागण्यास आणखी शहाऐंशी वर्षें लागलीं.

वेंगुर्लें तालुक्यांत परुळें गांवाजवळ चिपी नांवाचें खेडें आहे. तेथें किनाऱ्यापासून थोडें आंत जांभ्या दगडाचा उघडा, सपाट सडा पसरला आहे. कोंकणांत सपाट जागा म्हणजे दुर्मिळ वस्तु. भात खाचरांत होतो, माड-पोफळी वाडींत होतात. सड्यावर फार तर काजू आणि गुरांपुरतें गवत. शेतकऱ्याच्या दृष्टीनें जी जागा सर्वांत कमी मोलाची, तीच विमानाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाची ठरली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें एका खासगी कंपनीबरोबर करार करून तेथें अडीच हजार मीटर लांबीची धावपट्टी बांधविली. आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं, आश्विनांतील नवरात्रांत, मुंबईहून येणारें नियमित विमान प्रथमच तेथें उतरलें. ही सेवा अलायन्स एअर या सरकारी मालकीच्या कंपनीनें चालविली.

या मार्गावरील विमान ए. टी. आर. ७२ या जातीचें, म्हणजे फ्रान्स आणि इटली या दोन देशांच्या भागीदारींतून निघालेल्या कारखान्याचें. त्याच्या दोन्ही पंखांवर सहा सहा पात्यांचा एकेक पंखा फिरत असतो. तो पाहून पुष्कळ प्रवाशांच्या कपाळाला आठ्या पडतात. 'हें जुन्या काळचें दिसतें!' असें कोणी म्हणतो, तर कोणी 'लहान म्हणून हलकें' असें समजतो. परंतु पंखा हें जुनेपणाचें लक्षण नाहीं. आंतलें यंत्र जेट विमानांतल्यासारखेंच तप्त वायूवर चालणारें आहे. फरक इतकाच कीं, त्याची बहुतेक शक्ति वायूचा झोत मागें फेंकण्यांत न जातां पंखा फिरविण्यांत खर्च होते. लांबच्या प्रवासाचें जेट विमान तीस-पस्तीस हजार फूट उंच चढतें तेव्हां कुठें त्याला तेलाचा खर्च परवडतो. मुंबईपासून चिपीचें सरळ अंतर सुमारें साडेतीनशें किलोमीटर. तेवढ्या वाटेंत जेट विमान चढून होतें न होतें तोंच त्याला उतरावें लागावयाचें. पंख्याचें विमान त्याच्या निम्म्याशा उंचीवरून ताशीं सुमारें पांचशें किलोमीटर जातें, तेल कमी खातें, आणि आंखूड धावपट्टीवरही उतरतें. काशीला जावयाचें त्यानें आगगाडींत बसावें आणि पलीकडच्या गांवाला जावयाचें त्यानें टांगा करावा, असा हा साधा व्यवहार आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्यें, आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तोंडावर आली असतां, आम्ही या विमानानें गेलों. ही जत्रा मालवण तालुक्यांतील मसुरें गांवच्या एका वाडीची. पण तिला लाखांनीं माणसें लोटतात. तिची विशेष गोष्ट ही कीं तिला पंचांगांतली तिथि नाहीं. देवीचा कौल मिळाला म्हणजे मानकरी दिवस ठरवितात, आणि मग मुंबईंतील चाकरमान्यांची धांवपळ सुरू होते. त्यामुळें विमानांत ओटीचें सामान सांभाळून धरलेल्या लेकी-सुना, गांवच्या देवळाच्या कामाची चर्चा करणारे प्रौढ गृहस्थ आणि सुटी काढून आलेले तरुण यांची गर्दी होती. महामारीचे दिवस सरत आले होते, तरी सर्वांच्या तोंडावर मुखपट्ट्या होत्या; पण मुखपट्टीनें मालवणी माणसाचें बोलणें थोडेंच थांबतें!

या विमानाचा दरवाजा पाठीमागें असतो आणि त्याच दरवाजाच्या आंतल्या बाजूस चार-सहा पायऱ्या जडविलेल्या असतात. दार खालीं उघडलें कीं जिना तयार. आंत मधोमध अरुंद वाट आणि दोन्ही बाजूंस दोन दोन आसनें. जवळ जवळ एस. टी.च्या गाडीसारखीच मांडणी. आमच्या पुढच्या रांगेंत काठापदराचें लुगडें नेसलेल्या सत्तरीच्या एक बाई खिडकीशीं बसल्या होत्या. त्यांनीं कांच दोनतीनदां चांचपून पाहिली आणि विमानांतल्या तरुण सेविकेला विचारलें, "गो बाय, ही खिडकी उघडूक येणा नाय काय? वारो तरी येऊंदे." ती मुलगी उत्तरेकडची, तिला कांहीं उमगेना. शेजारच्या सुनेनें हलकेंच सांगितलें कीं ही खिडकी उघडत नसते. तेव्हां बाई निर्वाणीच्या स्वरांत म्हणाल्या, "मगे एस्टी बरी गो!" आसपासच्या दोन-तीन रांगा खळखळून हंसल्या, आणि ज्यांच्या पोटांत पहिल्या उड्डाणाच्या भीतीनें गोळा उठला होता त्यांचाही तो बसला.

या विमानाचे पंख छताच्या पातळीवर बसविलेले असल्यामुळें बहुतेक खिडक्यांतून खालचें सारें दिसतें. मुंबईच्या धावपट्टीवरून तें समुद्राकडे झेंपावलें, दक्षिणेकडे वळलें, आणि डाव्या हाताच्या खिडक्यांत कोंकणपट्टी उलगडूं लागली. अलिबागचा किनारा, मग पाण्यांतला जंजिरा, मग सावित्रीच्या मुखावरचें बाणकोट, वाशिष्ठीचें दाभोळ, शास्त्रीचें जयगड, पुढें रत्नागिरी, आणि वाघोटण खाडीच्या तोंडावरचा विजयदुर्ग. आपल्या आजे-पणज्यांनीं होडींत पाय घालतांना देवाचें नांव घेऊन ज्या खाड्या ओलांडल्या, त्या एकामागून एक पायांखालून सरकत होत्या. भूगोलाच्या पुस्तकांतून जें कधीं नीट उमगलें नव्हतें तें त्या तासाभरांत उमगलें : कोंकण ही एक पट्टी नसून खाड्यांनीं तोडलेल्या लहान लहान तुकड्यांची माळ आहे, आणि प्रत्येक तुकड्याला आपापलें बंदर आणि आपापला किल्ला आहे. मालवणाशीं आल्यावर समुद्रांत एखादी काळी अंगठी पडावी तसा सिंधुदुर्ग दिसला. शिवछत्रपतींनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. किनाऱ्यापासून हांकेच्या अंतरावरील त्या बेटाचें महत्त्व ज्या डोळ्यांनीं ओळखलें, त्या डोळ्यांना विमानाची गरज नव्हती, हें ध्यानांत येऊन मस्तक नम्र झालें. लगेच कर्ली नदीचा संगम आणि देवबागची चिंचोळी वाळूची जीभ दिसली, आणि विमान सड्यावर टेकलें.

हें सारें मौजेचें झालें. परंतु आमच्या मनांत घर करून राहिली ती निराळीच गोष्ट. आमच्या शेजारीं मालवणचे एक निवृत्त शिक्षक बसले होते, आणि खिडकीशीं त्यांची पत्नी. बाईंच्या कमरेचें हाड मोडल्यामुळें मुंबईस मुलाकडे राहून शस्त्रक्रिया झाली होती. गुरुजी म्हणाले, "अहो, हिला गाडीच्या फळीवर बारा तास कशी निजवूं? डॉक्टर म्हणाले, हादरे नकोत. मुलगा म्हणाला, बाबा, विमानानेंच जा. आयुष्यांत प्रथमच चढलों." मग थोडा वेळ खालीं पाहून त्यांनीं विचारलें, "तीन महिन्यांनीं पुन्हां दाखवायला न्यायची आहे. तोंपर्यंत हें विमान चालू राहील ना हो?"

भाड्याविषयीं त्यांनीं विचारलें नाहीं, वेळाविषयींही नाहीं. विचारलें तें टिकण्याविषयीं. ज्यांच्या घरीं म्हातारीं माणसें आहेत, ज्यांच्या घराला गांवीं कुलूप आहे आणि कुळाचाराला वर्षांतून एकदां तरी तें उघडावें लागतें, त्यांना या प्रश्नाचा अर्थ सांगावयास नको. लहान विमानसेवेचें खरें मोल वेगांत नाहीं, ती उद्यांही असेल या खात्रींत आहे. आगबोट सावकाश जाई. पण ती जाणार हें ठाऊक असे, म्हणून लोकांनीं तिच्या भरंवशावर लग्नें ठरविलीं आणि मुलें शिकावयास पाठविलीं. ज्या वाहनाचा भरंवसा नाहीं त्याच्यावर कोणीही आपलें आयुष्य बेतीत नाहीं. आणि कोणी बेतीत नाहीं म्हणून त्याला उतारू मिळत नाहींत, असें हें दुष्टचक्र आहे.

आतां या सेवेचा पैशाचा व्यवहार कसा असतो तें पाहूं. केंद्र सरकारनें २०१६ सालीं 'उडान' नांवाची योजना जाहीर केली आणि २०१७ च्या एप्रिलांत सिमला-दिल्ली मार्गावर तिचें पहिलें विमान उडालें. लहान गांवच्या मार्गावर जी कंपनी विमान चालवील तिनें सुमारें निम्मीं आसनें ठराविक सवलतीच्या दरानें द्यावयाचीं. एका तासाच्या प्रवासाला तो दर आरंभीं सुमारें अडीच हजार रुपये धरला होता. त्यांत जी तूट येईल ती भरून काढण्यास सरकार पैसा देतें. हा पैसा मोठ्या शहरांमधील उड्डाणांवर बसविलेल्या एका लहानशा आकारांतून येतो, आणि कांहीं वांटा राज्य सरकार उचलतें. म्हणजे मुंबईहून दिल्लीस जाणारा प्रवासी नकळत मालवणच्या प्रवाशाच्या तिकिटाला हातभार लावतो. कल्पना उत्तम आहे. परंतु ही मदत एका मार्गाला तीन वर्षांपुरतीच. तेवढ्या मुदतींत मार्गानें स्वतःच्या पायांवर उभें राहावें अशी अपेक्षा.

मुंबई-चिपी सेवेची ही मुदत २०२४ च्या ऑक्टोबरांत भरली, आणि सेवा खंडित झाली. मध्यंतरीं आणखी एक गोष्ट घडली होती. सिंधुदुर्गच्या सीमेला लागूनच गोव्यांत मोपा येथें मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथें विमानें येऊं लागलीं. सावंतवाडी-बांद्याच्या माणसाला तो जवळचा. तेथें विमानें पुष्कळ, वेळा पुष्कळ. उलट बाजूनें एक आशेची खूणही दिसली. त्याच मोप्याला ठाणें करून 'फ्लाय ९१' नांवाची नवी लहान कंपनी १८ मार्च २०२४ रोजीं उभी राहिली, आणि पहिल्याच दिवशीं तिनें बंगळूरहून सिंधुदुर्गास विमान आणलें. पुढें त्याच वर्षीं हैदराबाद आणि पुणें हीं शहरेंही तिनें चिपीशीं जोडलीं. याच कंपनीनें लक्षद्वीपांतील अगत्ती बेटाचाही मार्ग धरला, ही गोष्ट आम्हांस फार सूचक वाटते. खऱ्या बेटाला आणि बेटासारख्या कोंकणाला एकाच जातीचें विमान आणि एकाच जातीची चिकाटी लागते.

खऱ्या बेटांचीच गोष्ट निघाली, तर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस जरा दृष्टि टाकूं. कॅरिबियन समुद्रांतील बेटांचीं नांवें आपल्या घराघरांत शिरलीं तीं १९७१ सालीं. त्या वर्षीं अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालीं आपला क्रिकेटचा संघ वेस्ट इंडीजला गेला. दिलीप सरदेसाई यांनीं किंग्स्टन येथें द्विशतक केलें, नवख्या सुनील गावसकर यांनीं चार कसोटी सामन्यांत ७७४ धावा जमविल्या, आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या एका विजयावर आपण मालिका जिंकली. जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस हे शब्द तेव्हांपासून ओळखीचे झाले. परंतु हीं सारीं निरनिराळीं बेटें असून एका सामन्याहून दुसऱ्या सामन्यास जावयाचें तर मधला समुद्र ओलांडावा लागतो, इकडे आपलें फारसें लक्ष गेलें नाहीं. तेथील लोकांना मात्र तो समुद्र रोजच ओलांडावा लागतो. पूर्व कॅरिबियनमधील अनेक बेटांचें वरिष्ठ न्यायालय एकच. त्याचें अपिलाचें पीठ बेटाबेटांवर जाऊन बसतें. विद्यार्थी, रुग्ण, व्यापारी, लग्नाचीं वऱ्हाडें, सारीं लहान विमानांतून जातात.

१९५६ सालीं माँटसेराट बेटावर फ्रँक डिलाइल नांवाच्या गृहस्थानें अशी एक कंपनी काढली. आद्याक्षरांवरून तिला 'लिआट' म्हणत. आरंभीं तीन आसनांचें एकच विमान, आणि माँटसेराट ते अँटिग्वा हा एकच मार्ग. ती वाढली, डबघाईला आली, आणि १९७४ सालीं त्या भागांतील अकरा सरकारांनीं मिळून ती विकत घेतली. २०१३ पासून तिच्या ताफ्यांत आपल्या चिपीस येणाऱ्या जातीचींच विमानें आलीं. लोक तिच्या उशिरांना कंटाळत. तिच्या नांवाच्या चार अक्षरांचा अर्थ 'बेट केव्हांही सोडावें' असा लावून तिची थट्टा करीत. पण तिच्यावांचून त्यांचें पानही हालत नसे. अखेरच्या काळांत बार्बाडोस, अँटिग्वा, सेंट व्हिन्सेंट आणि डॉमिनिका या चार राज्यांवर तिचा मुख्य भार पडला. विमानें अनेक बेटांवर उतरत, पण तोटा सोसावयास सारीं पुढें येत नसत. २०२० सालीं महामारीच्या तडाख्यांत ती कोसळली, आणि २०२४ च्या जानेवारींत तिचा जुना संसार पूर्ण आटोपला. त्याच वर्षीं तिच्या नांवाचा वारसा सांगणारी नवी कंपनी उभी करावी लागली. कारण बेटांना विमानावांचून राहणें शक्यच नव्हतें.

याच्या उलट साबा बेटाकडे पाहावें. डोंगरकडा आणि समुद्र यांच्या मध्यें अवघी चारशें मीटरांची धावपट्टी. प्रवासी विमानांच्या धावपट्ट्यांत जगांतील सर्वांत आंखूड म्हणून ती प्रसिद्ध आहे. १९६३ सालीं ती खुली झाली, आणि आजही दोन हजारांच्या आसपास वस्तीच्या त्या बेटावर एकोणीस आसनांचीं विमानें उतरतात. स्कॉटलंडच्या उत्तरेस वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्यें तीन किलोमीटरांहूनही कमी अंतराचें विमान चालतें. उड्डाण पुरें दोन मिनिटांचेंही नसतें. अशा मार्गांत नफा शोधण्यास कोणी जात नाहीं. रस्ता, पूल, दवाखाना यांना नफा झाला का असें आपण विचारीत नाहीं, त्याच माळेंत तेथील लोकांनीं विमान बसविलें आहे. ज्या दिवशीं सारे जण वापरतात आणि भार मोजकेच उचलतात, त्या दिवशीं तें कोसळतें. हा लिआटचा धडा. ज्या ठिकाणीं समाज त्याला वाट समजतो तेथें तें टिकतें, हा साबाचा.

हा धडा आपल्याला परका नाहीं. सिंधुदुर्ग किल्ल्यांत आजही कांहीं कुटुंबें राहतात. मालवणच्या धक्क्यावरून होडीनें पंधरा मिनिटांची वाट. परंतु आषाढांत समुद्र खवळला कीं ती होडी थांबते. म्हणून पावसापूर्वीं तांदूळ, डाळ, मीठ, सरपण भरून ठेवण्याची तेथें रीत पडली. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी आहेत म्हणून पाण्याची चिंता नाहीं. होडी केव्हां बंद होणार हें त्या घरांना ठाऊक असतें. म्हणून होडी बंद असतांनाही तीं घरें निभावतात. घराला जाचते ती अनिश्चितता. एखादी सेवा चार महिने चालणार नाहीं हें आधीं कळलें तर माणूस तांदूळ भरून ठेवतो; ती आज आहे आणि उद्यां नाहीं, असें झालें तर काय भरून ठेवावें?

पावसाळा हा चिपीच्या विमानालाही अवघडच. ढग सड्यावर टेकले कीं वैमानिकाला धावपट्टी दिसणें कठीण होतें, आणि अशा वेळीं त्यानें परत फिरणें हेंच शहाणपण. त्याबद्दल कोणीही त्रागा करूं नये. परंतु गणेशचतुर्थी येते तीही याच ऋतूंत. तेव्हां खराब हवेंतही सुखरूप उतरण्याचीं जीं जीं यांत्रिक साधनें मिळतील तीं येथें उभीं करणें, मदतीची मुदत मार्गाची प्रकृति पाहून वाढविणें, आणि बंद करावयाचेंच झालें तर पुरेशी आगाऊ सूचना देणें, या तीन गोष्टी सरकारनें आणि कंपन्यांनीं मनावर घ्याव्या. सवलत थोडी कमी झाली तरी चालेल. वेळापत्रक मोडतां कामा नये.

आणि आपण काय करावें? सिंधुदुर्गांत घर असलेल्या आमच्या वाचकांनीं या विमानाकडे केवळ चतुर्थीचें आणि मे महिन्याचें वाहन म्हणून पाहूं नये. सणाला आसनें अपुरीं आणि कार्तिकांत निम्मीं रिकामीं, अशा मार्गावर कोणतीही कंपनी फार दिवस तग धरणार नाहीं. म्हाताऱ्या आईला डॉक्टरांकडे न्यावयाचें असेल, गांवच्या घराचे वासे पाहावयाचे असतील, एखाद्या श्राद्धाला एका दिवसाकरितां जावयाचें असेल, तर आधीं या विमानाची चौकशी करावी. मार्ग आणि वार बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वीं ताजें वेळापत्रक पाहून घ्यावें, आणि उतरल्यावर पुढच्या गाडीची सोय आधींच सांगून ठेवावी. सड्यावर दर घटकेला एस. टी. मिळेल अशा समजुतीवर राहूं नये. सामानाची मर्यादा मोठ्या विमानापेक्षां कडक असते, हेंही ध्यानांत असावें. परततांना आंब्याची पेटी आणि आजीनें बांधून दिलेला फणस यांपैकीं एकाचीच निवड करण्याचा प्रसंग येतो. तेव्हां फणसानें रेल्वेनें यावें, हें उत्तम.

कोंकणी माणूस पिढ्यान् पिढ्या वाट पाहण्यांत तरबेज झाला आहे. त्यानें बोटीची वाट पाहिली, गाडीची पाहिली, विमानाची शहाऐंशी वर्षें पाहिली. मालवणच्या एखाद्या घरीं सून सासूबाईंना सहज सांगेल, "परवांच्या विमानानें हे येताहेत," आणि सासूबाई 'नक्की ना?' असें न विचारतां तांदूळ निवडावयास घेतील, त्या दिवशीं चिपीच्या सड्याचें चीज झालें असें आम्ही समजूं.